टाच

कुताइसीत, रेशीम कारखान्याच्या जुन्या खानावळीत
आमची नाट्यशाळा भरायची.
कारखाना कधीचाच बंद,
भिंतींना मात्र उकळलेल्या कोशांचा वास.
अकरा विद्यार्थी, चार वर्षं, एक शेगडी.

त्सिउरीबाई प्रमुख. म्हणजे
फाइल घेऊन मंत्र्याच्या दाराशी त्याच बसायच्या
आणि संडासाची कडीही त्याच बसवायच्या.
पगाराच्या दिवशी मास्तरांना पाकिटं मिळत
आणि बाईंच्या घरातलं काहीतरी कमी होई.
आधी गालिचा गेला. मग पियानो.
पियानोचं स्टूल तेवढं कुणी घेतलं नाही.
पदरमोड हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही,
कलेबद्दलही फारसं बोलल्या नाहीत.
तालीम संपली की एवढंच,
"चला, टेबलं आवरा."

बिचिको पडायला शिकवायचा.
आधी गुडघा, मग मांडी, मग खांदा,
डोकं सगळ्यात शेवटी.
"नाटकाबाहेरही हाच क्रम," म्हणायचा,
आणि त्या हिवाळ्यात घरच्याच जिन्यावरून
डोक्यावर पडला. सात टाके.
दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून आला,
चूक नेमकी कुठे झाली ते
पुन्हा पडून दाखवायला.

मझेव्हिनारबाई आवाज शिकवायच्या.
दुसऱ्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं
आणि आवाज गेला तो गेलाच.
सोमवारी वर्गात हजर, गळ्याला निळा रुमाल.
आम्ही माना खाली घालून बसलो.
त्या एकेकाच्या मागे उभ्या राहिल्या,
बरगड्यांखाली तळवा टेकला,
आणि श्वास तिथवर पोचेपर्यंत
उचललाच नाही.
तेव्हापासून आम्ही
त्या हाताला ऐकू जावं म्हणून बोलायचो.

शेवटच्या परीक्षेला वीज नव्हती.
त्या सालांत ती असायचीच कुठे.
बिचिकोनं मोटार ढकलत दाराशी आणली,
दिव्यांचे दोन पिवळे झोत आत सोडले,
त्यात आमच्या तोंडची वाफ
शब्दांच्या आधी दिसायची.
मी माझ्या तीन ओळी चुकले.
गोचा जे जे विसरला
ते मात्र सगळं मागून पुरवलं.

निकालानंतर त्सिउरीबाई म्हणाल्या,
"तुला बोलता येत नाही. ऐकता येतं."
तीन दिवस रडले.
चौथ्या दिवशी त्यांनी मला विंगेत बसवलं,
पियानोच्या स्टुलावर.
"चेहरा बघू नकोस, चेहऱ्याला
खोटं बोलायचा पगार मिळतो. टाच बघ.
विसरला तर टाच उचलते.
थांबला असेल तर जमिनीवर असते.
थांबलेल्याला शब्द देऊ नये,
तो त्याच्या तोंडचा घास असतो."

एकतीस वर्षं मी टाचा बघतेय.
बूट, चपला, उसने जोडे,
एकदा राजाच्या मोज्याला पडलेलं भोक.

परवा शाळेचा समारंभ झाला.
नवं सभागृह, लाल खुर्च्या, देणगीदारांची पाटी.
बिचिको पहिल्या रांगेत, दोन काठ्यांमध्ये.
त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवलेली,
पाठीवर निळा रुमाल.
तिसरी घंटा झाली.
ऐंशी ओलांडलेल्या त्सिउरीबाई उजेडात आल्या,
म्हणाल्या, "आमच्यात एक बाई होत्या"
आणि गप्प झाल्या.

सभागृह गप्प.
कुणीतरी खोकलं. मंत्र्यानं घड्याळ पाहिलं.
विंगेतला नवा मुलगा माझा दंड धरून
कुजबुजला, "नाव द्या, नाव द्या त्यांना."
नाव माझ्या जिभेवर तयारच होतं.
मी खाली पाहिलं.

काळे, जाड तळव्यांचे, म्हातारीचे बूट.
टाच जमिनीवर.

मी तोंड मिटलं.
आणि मग ऐकू आलं, पहिल्या रांगेतून मागे सरकत,
आम्ही सगळे, पांढऱ्या केसांचे,
बरगड्यांखालून श्वास घेत होतो.

त्सिउरीबाईंनी मान हलवली.
"झालं," म्हणाल्या,
"चला, टेबलं आवरा."